अंबरनाथचे देऊळ हेमाडपंती नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाशिवरात्र जवळ आली की वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि गावोगावच्या फलकांवर एक शब्द हमखास दिसतो : 'प्राचीन हेमाडपंती शिवमंदिर'. अंबरनाथ हेमाडपंती, सिन्नरचे गोंदेश्वर हेमाडपंती, खिद्रापूरचा कोपेश्वरही हेमाडपंती. काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले जुने देऊळ दिसले की हा शिक्का मारायचा आणि पुढे जायचे. हा शब्द सरसकट वापरणे आता थांबवावे, या विनंतीसाठी हे पत्र. नावाचा हा आग्रह कुणाला पंडिती वाटेल. पण या एका शब्दामुळे देवळाचे वय चुकते, बांधणाऱ्याचे नाव पुसले जाते आणि सर्वांत वाईट म्हणजे दुरुस्ती करणारा चुकीच्या समजुतीने हातात थापी घेतो.

आधी वयाचे पाहू. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. महादेव यादव १२६१ च्या सुमारास गादीवर आला, त्याच्या मागून रामचंद्र. या दोघांच्या पदरी हेमाद्री होता, म्हणजे त्याचा काळ १३ व्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या देवळातल्या तुळईवर कोरलेला लेख मात्र शके ९८२ चा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो : १०६०. हेमाडपंताचा कारभार सुरू झाला तेव्हा हे देऊळ दोनशे वर्षांचे जुने होते. खिद्रापूरलाही १३ व्या शतकाच्या सुरुवातीचा यादव सिंघणाचा लेख आहे. देऊळ त्याच्याही आधी उभे राहत आलेले. हेमाद्रीच्या नावावरचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ व्रत, दान, तीर्थ, मोक्ष अशा विषयांचा आहे, तो धर्मशास्त्राचा ग्रंथ आहे. नव्या मंदिरशैलीचा जनक म्हणून त्याच्याकडे बोट दाखवावे असे त्यात काही नाही. लोकपरंपरेने एका कर्तबगार कारभाऱ्याच्या नावावर डोंगरभर बांधकामे चढवली. परंपरा म्हणून ते समजून घेता येते, इतिहास म्हणून छापता येत नाही.

अंबरनाथच्या लेखातील शकाचा पहिला आकडा सुरुवातीच्या वाचनात ७ समजला गेला होता. त्यामुळे वर्ष निघाले ७८२, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९ आहे असे वाचले आणि देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले. हे वाचन बरोबर ठरते ते लेखातल्या राजाच्या नावामुळे. लेख माम्वाणीचा आहे, म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी राजाचा. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचा भांडुपला मिळालेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा आहे. थोरला भाऊ १०२६ मध्ये राज्य करीत असेल, तर धाकटा ८६० मध्ये असू शकत नाही. अंबरनाथच्या लेखात छित्तराजदेवाच्या भवनाचाही उल्लेख आहे. त्यावरून काम थोरल्याने आरंभले आणि धाकट्याच्या काळात ते पुरे झाले, असे मानले जाते. झिजलेल्या एका आकड्यावर दोनशे वर्षे हलतात, म्हणूनच असा लेख ऑइलपेंटखाली किंवा शेंदराच्या पुटाखाली गेला की नुकसान किती होते हे लक्षात यावे.

आता शैली. अंबरनाथचे शिखर भूमिज प्रकारचे आहे. हे ओळखायला ग्रंथ लागत नाही, देवळाला एक प्रदक्षिणा पुरते. शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावरून तळापासून वरपर्यंत एकेक नक्षीदार पट्टा चढत जातो, ती लता. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक छोटे शिखर एका आखूड स्तंभावर बसलेले, आणि वर जाताना प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा लहान. ओळ म्हणजे एक भूमी, म्हणून भूमिज. माळव्याचा राजा भोज परमार याच्या नावावरील 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात भूमिज प्रासादांचे स्वतंत्र प्रकरण आहे. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हे या शैलीचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण, आणि ते १०८० मध्ये पुरे झाले. अंबरनाथ त्याच्याही आधीचे. म्हणजे भूमिज शैलीच्या अगदी पहिल्या पिढीतले, ज्यावर तारीख कोरलेली आहे असे देऊळ मुंबईच्या लोकलने जाण्याच्या अंतरावर उभे आहे, आणि आपण ते २०० वर्षांनी नंतरच्या एका मंत्र्याच्या नावावर टाकून मोकळे होतो.

शिखर अर्धवट आहे. मंडपाच्या उंचीच्या थोडे वर जाऊन ते थांबते. गाभारा मंडपापेक्षा खोल आहे. वीसेक पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि वर पाहिले तर आकाश दिसते. मंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंनी प्रवेश आणि प्रत्येक प्रवेशापुढे मुखमंडप, म्हणजे छोटी खांबांची ओसरी आहे. आत मध्यभागी चार मोकळे स्तंभ आहेत. त्यांच्या अंगावर बोटभर जागा कोरी सोडलेली नाही. कोकणातल्या पावसात उघड्या शिखराचे, खोल गाभाऱ्याचे हे देऊळ ९६० हून अधिक वर्षे टिकले, यामागे त्याची जोडणी आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी 'हेमाडपंती' हा शब्द सर्वांत जास्त दिशाभूल करतो.

'हेमाडपंती म्हणजे चुन्याशिवाय बांधलेले' ही व्याख्या शाळेपासून पाठ असते. पण कोरडी जोडणी ही शैली नव्हे, ती बांधण्याची रीत आहे, आणि ती हेमाद्रीच्या कितीतरी आधीपासूनची. ऐहोळे-पट्टदकलची चालुक्यकालीन देवळे सातव्या-आठव्या शतकातली. तीही मोठे दगड एकमेकांवर बसवूनच उभी केलेली आहेत. चुना वापरला नाही याचा अर्थ 'कमी पडला' किंवा 'राहून गेला' असा नाही. दगडाचे बसणारे तळ इतके सपाट घडवलेले असतात की भार संपूर्ण पृष्ठभागावर सारखा उतरतो. जिथे सरकण्याची शक्यता असते, तिथे एका दगडाला कुसू आणि दुसऱ्याला खोबण असते. काही ठिकाणी दोन दगडांना बांधणारे लोखंडी आकडेही असतात. सांधा मोकळा असल्यामुळे उन्हात दगड तापून किंचित वाढला, रात्री आक्रसला, जमिनीला हादरा बसला, तरी प्रत्येक दगड केसभर हलून पुन्हा आपल्या जागी बसतो. आणि आत शिरलेले पाणी सांध्यांतूनच बाहेर पडते. सांधा हा भिंतीचा श्वास घेण्याचा रस्ता आहे.

छताचेही तेच. इथे खरी कमान नाही, सगळा खेळ उभ्या भाराचा. चार खांबांवर चार तुळया, त्यांचा चौरस. त्याच्या चार कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवले, ते बाजूंच्या मध्यावर एकमेकांना भिडले, की आत ४५ अंशांत वळलेला नवा चौरस मिळतो. त्याचे क्षेत्र पहिल्याच्या बरोबर निम्मे. चार मीटरची बाजू पहिल्या फेरीत २.८३ मीटर होते आणि दुसऱ्या फेरीत दोन मीटर. मग वर एक कोरीव शिळा ठेवून छत मिटते. घुमटाकार छतात वर्तुळाकार थर असतात आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला असतो. यात पाळायचा नियम एकच : आत लोंबणाऱ्या भागापेक्षा मागे दाबून धरलेला भाग जड हवा. म्हणून छतावरचे दगड 'निरुपयोगी ओझे' समजून उतरवले की आतले थर कलंडतात. दगड दाबाला भक्कम आणि वाकण्याला कच्चा. बेसाल्टची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून खांब जवळजवळ आणि तुळया आखूड. तुळईला भेग जाते ती बहुधा मध्यावर, खालच्या अंगाने.

असे देऊळ बिघडते कुठून? भिंतीतून क्वचित, बहुतेक वेळा छतातून. भिंत दिसायला एकसंध असली तरी ती दोन पडद्यांची असते : बाहेरचे कोरीव दगड, आतले साधे घडीव दगड आणि मध्ये खडी-माती-दगडांची भर. छतावरचा उतार बिघडला किंवा फटीत पिंपळ रुजला की पाणी थेट या भरीत उतरते. माती वाहून जाते, मोकळे झालेले दगड खाली बसतात आणि बाहेरच्या पडद्यावर आतून रेटा येतो. भिंतीने पोट काढले असे गवंडी म्हणतात ते हेच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, फटी मोठ्या झाल्या, सिमेंटने बुजवा. रोग छतावर आणि मलम जंघेवर, म्हणजे बाहेरच्या कोरीव भिंतीवर.

सिमेंटने काय होते ते नीट सांगायला हवे, कारण बहुतेक गावांत ते श्रद्धेने आणि पदरमोड करून केले जाते. सांधे बंद झाले की छतातून उतरलेले पाणी भिंतीत कोंडते. सिमेंटमधून ते जाऊ शकत नाही, म्हणून दगडाच्या पोटातून वाट काढते. सिमेंटमधले विरघळणारे क्षार ते बरोबर नेते. उन्हाळ्यात पाणी दगडाच्या दर्शनी भागातून उडून जाते आणि क्षार पृष्ठभागाच्या आत किंचित खोलीवर स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढतात, दगडाचे कण ढकलतात आणि पापुद्रा सुटतो. आधी जातात ती नाके, बोटे, दागिन्यांची टोके, कारण तिथे दगड सर्वांत पातळ आणि हवा सर्वांत जास्त. दरजेच्या, म्हणजे दगडांमधल्या सांध्याच्या, कडेने पांढरी रेघ दिसली की ती बुरशी समजून पुसू नये. ते क्षार आहेत. पुढची अडचण आणखी मोठी. सिमेंट दगडाला इतके घट्ट चिकटते की ते काढताना दगडाची कडा तुटतेच. दगडापेक्षा गारा, म्हणजे सांध्यात भरायचा चुना-वाळूचा लगदा, मऊ असावा, झीज व्हायचीच तर गाऱ्याची व्हावी, हा जतनाचा पहिला नियम. सिमेंट तो उलटा करते. छतावर सिमेंट काँक्रीटचा थर टाकणे तर दुहेरी चूक : वजन वाढते, आणि पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत त्याला तडे गेले की पाणी तड्यांतून आत जाते आणि वर यायला वाट राहत नाही.

मग करायचे काय? पहिले काम मोजणीचे. भेगेच्या दोन्ही कडांवर पातळ काचेची पट्टी चुन्याने चिकटवून त्यावर तारीख लिहावी. वर्षभरात काच फुटली नाही तर भेग जुनी आणि थांबलेली आहे, तिला हात लावण्याची घाई नाही. फुटली तर हालचाल चालू आहे. ती पायातून आहे की छतातून, हे शोधल्याशिवाय भेग भरू नये. तुळई तडकली असेल तर खाली आधार द्यावा, आणि आधार व दगड यांच्यामध्ये लाकडाची किंवा शिशाची गादी ठेवावी. लोखंडाचे टोक थेट दगडाला टेकवले की तिथेच नवा तडा जातो. जुने लोखंडी आकडे गंजले असतील तर ते काढून जागी गंज न चढणाऱ्या पोलादाचे घालावेत. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते आणि तो दगड आतून फोडतो.

पिंपळ-वड उपटू नये. मुळे दोन दगडांना कवळून बसलेली असतात, रोप ओढले की दगडही येतो. फक्त वरून छाटला तर तो दुप्पट जोमाने फुटतो. कोरड्या दिवसांत बुंधा कापून ताज्या कापावर लगेच योग्य तणनाशक लावायचे, मूळ आत मरू द्यायचे, आणि मग मोकळी झालेली पोकळी चुन्याच्या पातळ गाऱ्याने भरायची. भरण खालून वर, आणि एका दिवशी हातभर उंचीपेक्षा जास्त नाही. घाईने वरपर्यंत ओतले तर ओल्या गाऱ्याचा दाब भिंतीला आणखी बाहेर ढकलतो.

छतावर जिथे मुळातच चुना होता, तिथे चुनाच वापरावा. चुनकळी पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरवायची; न विरलेले खडे राहिले तर ते काम झाल्यावर फुगतात आणि थर उडवतात. एक भाग मुरलेला चुना, दोन ते तीन भाग वाळू, त्यातली थोडी काढून भाजक्या विटांची सुरखी. वाळू गोड्या पाण्यातली आणि धुतलेली. खाडीची वाळू म्हणजे विकत आणलेले क्षार. चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाखाली) मळलेला गारा हाताला लोण्यासारखा लागला पाहिजे. दरज रुंदीच्या दुप्पट तरी खोल साफ करायची, ओली करायची, गारा दाबून भरायचा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. भर उन्हात किंवा ऐन पावसात हे काम करू नये. कोरडे सांधे आहेत तिथे मात्र चुनाही नको. भिंतीने जास्त पोट काढले असेल तर एकच खरा उपाय : प्रत्येक दगडावर न दिसणाऱ्या बाजूला क्रमांक टाकून, थराथराचे रेखाटन व छायाचित्र घेऊन भिंत उतरवायची आणि तशीच परत रचायची. हे खर्चिक आहे, जाणत्या देखरेखीशिवाय करण्याचे नाही, पण यातून देऊळ देऊळच राहते.

रंग, फरशी आणि वाळूचा मारा यांविषयी थोडक्यात. ऑइलपेंट दगडाची छिद्रे बंद करतो, परिणाम सिमेंटसारखाच. तो काढण्यासाठी यंत्राने वाळूचा मारा केला की रंगाबरोबर कोरीवकामाची वरची कातडीही जाते, आणि ती पुन्हा येत नाही. ग्रॅनाइटची चकचकीत फरशी घातल्यावर अंगणाची पातळी चार-सहा इंच वर येते, चंद्रशिला (दारापुढची अर्धगोल पायरी) आणि पीठाचे (जोत्याचे) खालचे थर पुरले जातात, पावसाचे पाणी देवळापासून दूर जाण्याऐवजी भिंतीकडे येते. अनेक देवळांत पीठाचा सर्वांत खालचा थर आज दिसतच नाही तो यामुळे.

एक चूक उलट्या बाजूनेही होते. यवतजवळचे भुलेश्वर किंवा औंढा नागनाथ पाहिले तर खालचे कोरीव दगडकाम यादवकाळाच्या आसपासचे आणि वरचे विटा-चुन्याचे काम कितीतरी नंतरचे. 'मूळ हेमाडपंती रूप' परत आणायचे म्हणून हे वरचे काम पाडण्याच्या सूचना अधूनमधून ऐकू येतात. ते पाडू नये. तोही त्या देवळाचा इतिहासच आहे, आणि त्याचे वजन खालच्या थरांना दाबून धरत असते.

कायद्याचे एवढेच. केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे. पण महाराष्ट्रातली असंख्य जुनी देवळे यांपैकी कुठल्याच यादीत नाहीत. ती गावच्या विश्वस्तांच्या हाती आहेत, आणि म्हणून हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी : देवळाच्या बातमीत लेख असेल तर शक व राजाचे नाव द्यावे, नसेल तर अंदाजे शतक आणि शिखराचा प्रकार द्यावा. 'शिलाहारकालीन, भूमिज, शके ९८२' हे शब्द 'हेमाडपंती' पेक्षा फार जागा घेत नाहीत. आणि विश्वस्तांनी या वर्षी एकच काम करावे, ज्याला जवळपास काही खर्च नाही. मृग लागण्याआधी छतावरचा पाला, माती आणि पक्ष्यांची घरटी काढावीत, पन्हाळी मोकळ्या कराव्यात. मग पहिल्या जोराच्या पावसानंतर तासाभराने छत्री घेऊन आत फिरावे, आणि छतातून कुठे ठिबकते, कुठली भिंत ओली झाली, अंगणात पाणी कुठे तुंबले, याच्या जागा एका साध्या नकाशावर तारखेसह मांडाव्यात. पुढच्या दुरुस्तीला येणारा माणूस कुणीही असो, त्याच्या हातात आधी हा कागद द्यावा.

आपले,
मंदिरस्थापत्याचे अभ्यासक